आग्रा रस्ता आणि दोन सिलिंडरांची अश्वशक्ती

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेस निघाले असता सुमारे वीस किलोमीटरांवर सोनगीर लागते. गावालगत टेकडी, टेकडीवर किल्ल्याचे अवशेष, पायथ्याशी तांब्या-पितळेची भांडी घडविणाऱ्या तांबटांची वस्ती आणि या साऱ्यांना लगटून जाणारा महामार्ग, असे या ठिकाणाचे स्वरूप आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांचा, त्यांच्यामागून मुघलांचा, मग मराठ्यांचा आणि १८१८ पासून इंग्रजांचा असा ज्यांचा ज्यांचा अंमल या मुलखावर बसला, त्या प्रत्येकाला सोनगीरचा किल्ला आपल्या हाती असावा असे वाटले. कारण दख्खनेतून तापी ओलांडून माळव्याकडे जाणारी वाट या टेकडीच्या नजरेखालून जात होती आणि जो वाट राखी त्याच्याच हाती जकात येई. किल्ले कोणी घेतले, कोणी दिले, ठाण्यावर शिबंदी किती होती, याच्या नोंदी दफ्तरांत सापडतात. परंतु या वाटेने माणसे आणि माल कोणत्या बळावर हलला, त्या बळाचे माप काय होते आणि ते पिढ्यांगणिक कसे वाढत गेले, हा इतिहास दफ्तरांनी फारसा जपलेला नाही. त्या इतिहासाचे एकच प्रकरण येथे मांडावयाचे आहे. दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलचे इंजिन किती अश्वशक्ती देऊ शकते, हा आज तरुणांच्या तोंडी असलेला प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर एखाद्या आकड्यात न सापडता सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत सापडते, असे माझे मत आहे.

यंत्र येण्यापूर्वी या रस्त्यावरचे बळ बैलाचे आणि घोड्याचे होते. खानदेशचा कापूस, धान्य आणि सोनगीरची भांडी बैलगाड्यांतून जात. स्वार, जासूद आणि पुढील काळी टांगे घोड्यांवर चालत. घोड्याची पारख हा या मुलखाचा जुना वारसा होय. तापीकाठच्या सारंगखेड्यास, जे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते आणि आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा जो बाजार भरतो, त्याची ख्याती दूरदूरच्या प्रांतांत आहे. तेथील जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात, खूर आणि चाल पाहतो. परंतु त्याचे बळ आकड्यात मांडावे, ही गरज अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जेम्स वॅट यास भासली. खाणींतून आणि गिरण्यांतून घोडे काढून तेथे वाफेचे यंत्र बसवावयाचे, तर यंत्र किती घोड्यांचे काम करील हे मालकास सांगावे लागे. वॅटने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असा हिशेब बांधला. पुढे युरोपातील इतर देशांनी ७५ किलोग्रॅमचे वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे हे माप धरले. पहिले माप सुमारे ७४६ वॅटचे, दुसरे ७३५.५ वॅटचे; आणि या किंचित फरकामुळेच आजही एकाच इंजिनाचा आकडा दोन ठिकाणी दोन प्रकारे छापलेला दिसतो. प्रत्यक्षातला उमदा घोडा काही क्षणांपुरती चौदा-पंधरा अश्वशक्ती खर्च करू शकतो, पण दिवसभराच्या कामात त्याचे बळ एकीच्या आसपासच राहते. बैल दिवसभर चालतो तो अर्ध्या अश्वशक्तीच्या जवळपास. म्हणजे सोनगीरच्या वेशीतून निघालेली बैलजोडी साधारणतः एका अश्वशक्तीवर आपला भार तापीपार नेत असे. पुढचा सारा पसारा ज्या एककाने मोजावयाचा, ते एकक असे या रस्त्याच्या पूर्वीपासून परिचयाचे होते.

पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी पहिली दुचाकी गॉटलीप डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीत बनविली. तिचे इंजिन एकाच सिलिंडरचे, २६४ सीसीचे होते आणि ते अर्धी अश्वशक्ती देई. अर्थात बैलजोडीतील एका बैलाइतकीच. परंतु कारखान्यात ओळीने तयार होऊन विकली गेलेली पहिली मोटारसायकल, म्युनिकची हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर, १८९४ साली बाजारात आली, तेव्हा तिच्यात दोन सिलिंडर शेजारी शेजारी बसविलेले होते. या व्यवसायाचा आरंभच दोन सिलिंडरांनी झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या इंजिनाचे आकारमान १,४८९ सीसी होते. आजच्या मापानेही ते भरभक्कमच. मात्र मिनिटाला २४० फेऱ्यांवर त्याची शक्ती होती अवघी अडीच अश्वशक्ती. एवढा मोठा देह आणि एवढे थोडे बळ, हे कोडे ज्याने सोडविले त्याला पुढील शतकाचा सारा इतिहास उलगडला. कारण त्या शतकातील कल्पक कारागिरांनी केले ते इतकेच की, त्याच दोन सिलिंडरांना अधिक हवा घ्यावयास, ती अधिक आवळावयास आणि अधिक वेगाने फिरावयास शिकविले.

या शिक्षणाच्या पायऱ्या आकड्यांतून स्पष्ट दिसतात. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९०९ मध्ये आपले पहिले व्ही-आकाराचे इंजिन विक्रीस काढले. ८११ सीसीचे ते इंजिन सुमारे सात अश्वशक्ती देई. इंडियन या अमेरिकन कंपनीच्या दोन सिलिंडरांच्या गाड्यांनी १९११ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक पटकावले आणि ब्रिटिश कारखानदारांना या रचनेकडे आदराने पाहावयास लावले. १९२३ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर ३२ ही गाडी आणली. तिचे दोन सिलिंडर परस्परविरुद्ध दिशांना आडवे पसरलेले होते आणि ४९४ सीसीतून साडेआठ अश्वशक्ती मिळत असे. १९३७ च्या सुमारास ट्रायम्फचे एडवर्ड टर्नर यांनी दोन सिलिंडर एका ओळीत उभे करून स्पीड ट्विन सिद्ध केली. ४९८ सीसीचे ते इंजिन सुमारे २७ अश्वशक्ती देऊ लागले, आणि पुढील तीस वर्षे ब्रिटनमधील बहुतेक कारखान्यांनी तिचाच कित्ता गिरविला. १९५९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिलने ६४९ सीसीतून ४६ अश्वशक्ती काढली. अडीचपासून सेहेचाळीसपर्यंतचा हा प्रवास पासष्ट वर्षांचा होता. आणि लक्षात घ्यावयाचे ते हे की, अखेरच्या इंजिनाचे आकारमान पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होते.

आपल्या देशात मोटारगाड्यांसाठी पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला आणि १९३९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या दोहोंच्या दरम्यान संस्थानिक, साहेब आणि सधन व्यापारी यांच्याकडे परदेशी मोटारसायकली तुरळक दिसू लागल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाने मात्र ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर आणली. हार्लेची डब्ल्यूएलए ही लष्करी गाडी, ७४० सीसीची आणि पंचविसाच्या आतबाहेर अश्वशक्तीची, युद्ध संपल्यावर सरकारी भंगारातून नागरिकांच्या हाती आली. दिल्लीत अशा गाड्यांना मागे बाके जोडून प्रवासी वाहने बनविण्यात आली आणि चांदणी चौकाच्या बाजूस ती ‘फटफट’ या नावाने अनेक दशके धावली. युद्धाच्या रणधुमाळीसाठी घडविलेले दोन सिलिंडरांचे इंजिन बाजारहाटाच्या माणसांची ने-आण करू लागले. या इंजिनाचा सर्वांत मोठा गुण अश्वशक्तीचा नव्हता. मंद फेऱ्यांवरही भार ओढण्याचे जे बळ त्यात होते, ते त्या कामास उपकारक ठरले.

स्वातंत्र्यानंतर परदेशी तयार वाहनांच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि देशी कारखान्यांचा काळ सुरू झाला. मद्रासेस १९५५ मध्ये एन्फिल्डची बुलेट बनू लागली. म्हैसूरला रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा, आणि नंतर येझदी, रस्त्यावर आणली. एस्कॉर्ट्सची राजदूत त्याच सुमारास निघाली. या साऱ्या गाड्या एका सिलिंडरच्या होत्या. जावाला दोन सायलेन्सर होते, म्हणून पाहणाऱ्यास ती दोन सिलिंडरांची वाटे. वस्तुतः एकाच सिलिंडरमधून धुराच्या दोन वाटा काढलेल्या होत्या आणि २५० सीसीतून तिला बारा अश्वशक्तीच्या आसपास बळ मिळे. बुलेटचे ३४६ सीसीचे इंजिन अठरा अश्वशक्ती देई. देवळालीची छावणी आणि महूची छावणी यांना जोडणारा रस्ता सोनगीरवरूनच जातो. त्या रस्त्याने लष्कराच्या, पोलिसांच्या आणि डाक घेऊन जाणाऱ्यांच्या दुचाक्यांचा जो आवाज दोन पिढ्यांनी ऐकला, तो एका सिलिंडरचा ठाम, अंतराअंतराने पडणारा आवाज होता. पेट्रोल महाग, रस्ता अरुंद, सुटे भाग दुर्मीळ आणि गावचा मिस्त्री हाच एकमेव आधार, अशा परिस्थितीत एक सिलिंडर, एक कार्ब्युरेटर आणि दोन झडपा हाच शहाणपणाचा व्यवहार होता. ज्याचे बिघडणे कमी तेच टिकते, हा न्याय त्या काळाने पाळला आणि तो योग्यच होता.

हा नियम १९८३ मध्ये मोडला. एस्कॉर्ट्सने जपानच्या यामाहाशी करार करून राजदूत ३५० ही दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी बाजारात आणली. तिचे आकारमान ३४७ सीसी, म्हणजे बुलेटशी जवळपास तंतोतंत जुळणारे. परंतु तिची शक्ती साडेतीस अश्वशक्ती होती. पुढे इंधन वाचावे म्हणून जी सौम्य आवृत्ती काढली, तिची २७ होती. जपानातील मूळ गाडी तर ३९ अश्वशक्तीची होती. आपल्याकडील पेट्रोल, रस्ते आणि खिसा यांचा विचार करून तिला मुद्दाम आवरलेले होते. एकाच आकारमानाच्या दोन इंजिनांत अठरा आणि साडेतीस इतके अंतर का पडावे? उत्तर दोन गोष्टींत आहे. टू-स्ट्रोक इंजिन क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यास स्फोट करते, फोर-स्ट्रोक एक फेरा सोडून. आणि आकारमान दोन लहान सिलिंडरांत विभागले की पिस्टन हलके होतात, त्यांची धाव आखूड होते आणि इंजिन अधिक वेगाने फिरू शकते. या बळाची किंमतही होती. लिटरमागे वीस-पंचवीस किलोमीटर, पेट्रोलसोबत जळणारे तेल आणि वेगाला न पुरणारे ड्रम ब्रेक, यांमुळे ही गाडी सामान्य गिऱ्हाइकाची झाली नाही आणि दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. तरीही आपल्या देशात घडलेल्या दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलचा पहिला मोठा अध्याय म्हणून तिचे स्थान अढळ आहे.

येथे क्षणभर थांबून या बळाचे मूळ पाहिले पाहिजे. इंजिनाची शक्ती पेट्रोलातून येते असे आपण म्हणतो. परंतु एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास पंधरा किलोंच्या जवळपास हवा लागते, आणि पेट्रोल हवे तेवढे आत सोडणे सोपे असले तरी तेवढी हवा आत घेणे हे खरे कठीण कर्म आहे. तांबटाच्या भट्टीची आच जशी कोळशाच्या ढिगाहून भात्याच्या वाऱ्यावर अधिक अवलंबून असते, तशी इंजिनाची अश्वशक्ती त्याच्या श्वासावर अवलंबून असते. तीन गोष्टींनी हा हिशेब पुरा होतो: एका वेळी किती हवा आत येते, स्फोटापूर्वी ती किती आवळली जाते आणि मिनिटाला असे किती वेळा घडते. पहिल्या दोहोंतून टॉर्क, म्हणजे चाक फिरविण्याचे बळ, ठरते. त्यास फेऱ्यांच्या संख्येने गुणले की अश्वशक्ती निघते. न्यूटन-मीटरमधील टॉर्क आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून त्यास ७,१२१ ने भागावे, हा त्याचा साधा हिशेब आहे.

फेरे मनमानेल तेवढे वाढविता येत नाहीत, कारण पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबून उलट दिशेस धावावे लागते. बुलेटच्या पिस्टनची धाव ९० मिलिमीटरांची होती. आजच्या रॉयल एन्फिल्डच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात ती ६७.८ मिलिमीटर आहे. म्हणून ते मिनिटाला ७,२५० फेऱ्यांपर्यंत जाते तरी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदास साडेसोळा मीटरांपलीकडे जात नाही. जुन्या बुलेटच्या पिस्टनला त्याच फेऱ्यांवर पावणेबावीस मीटरांनी धावावे लागले असते, आणि त्या काळची धातुविद्या ते सोसू शकली नसती. दोन सिलिंडरांचा सर्वांत मोठा लाभ हाच की, काम दोघांत वाटले जाते आणि प्रत्येकास आपल्या आवाक्यात राहून अधिक वेगाने करता येते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस बाजार खुला झाला आणि या विद्येची केंद्रे महाराष्ट्रात येऊ लागली. कोरियाच्या ह्योसंगची दोन सिलिंडरांची गाडी प्रथम कायनेटिकने भारतात आणली. २०११ मध्ये गरवारे मोटर्सने त्याच कंपनीची ६४७ सीसीची, सत्तरीपलीकडील अश्वशक्तीची गाडी वाईजवळ जुळवून विक्रीस ठेवली. पुण्याच्या बजाजने २००९ मध्ये कावासाकीची निन्जा २५० आर आणली आणि २०१३ मध्ये निन्जा ३०० चाकणला जुळविली. या शेवटच्या गाडीचे इंजिन केवळ २९६ सीसीचे, तरी मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर ते ३९ अश्वशक्ती देई; म्हणजे जपानातील त्या जुन्या टू-स्ट्रोक ३५० ने एकेकाळी जे साधले, तेवढेच बळ आता फोर-स्ट्रोक इंजिनातून, कमी आकारमानात आणि कमी धुरात मिळू लागले. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाजने २००७ मध्येच भांडवल गुंतविले होते. त्या कंपनीच्या १,३०१ सीसीच्या व्ही-आकाराच्या इंजिनाने १८० अश्वशक्तीचा पल्ला गाठला.

पण सोनगीरच्या रस्त्याने जाणाऱ्या सर्वसामान्य स्वारापर्यंत दोन सिलिंडर पोहोचविण्याचे श्रेय २०१८ च्या नोव्हेंबरात आलेल्या रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या गाड्यांना द्यावे लागेल. ६४८ सीसी, ७,२५० फेऱ्यांवर ४७ अश्वशक्ती आणि ५,२५० फेऱ्यांवर ५२ न्यूटन-मीटर टॉर्क, असे त्यांचे माप जाहीर झाले. हा आकडा ज्यांनी ठरविला त्यांना अधिक बळ काढता आले नसते असे नाही; जवळपास याच आकारमानाचे इटालियन इंजिन, एप्रिलिया आरएस ६६० चे, शंभर अश्वशक्ती देते. परंतु युरोपात नव्या चालकांच्या मधल्या परवान्यास ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, आणि ३५ किलोवॅट म्हणजे जवळपास ४७ अश्वशक्ती. एकेकाळी जकातीच्या नाक्यावर गाडीचा भार ठरे, आज परवान्याच्या कलमावर तिचे बळ ठरते. अश्वशक्तीच्या इतिहासात यंत्रज्ञाइतकाच कायदाही भागीदार आहे. त्याचे फळ मात्र चांगले झाले. वर सांगितलेला गुणाकार केला तर ५,२५० फेऱ्यांवरच या इंजिनातून ३८ अश्वशक्ती निघतात, म्हणजे चार-पंचमांश बळ इंजिन न ताणता हाती येते. पूर्ण फेऱ्यांवर ते मिनिटाला सुमारे २,३५० लिटर हवा ओढते. आणि येथे खानदेशच्या उन्हाळ्याची आठवण ठेवली पाहिजे. वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांवर गेला की पंचवीस अंशांच्या तुलनेत हवेची घनता सहा टक्क्यांच्या आसपास घटते. श्वास तेवढाच, पण त्यातील सत्त्व कमी, आणि गाडीचे बळही त्याच प्रमाणात उतरते. छापील आकडा प्रयोगशाळेतील हवेचा असतो, धुळ्याच्या दुपारचा नसतो.

या रचनेची परमावधी कोठे झाली, ती पाहावयाची तर इटलीच्या डुकाटीकडे वळावे लागते. २०१७ च्या १२९९ सुपरलेजेरा या गाडीने १,२८५ सीसीच्या दोन सिलिंडरांतून मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर २१५ अश्वशक्ती मिळविली. झडपा बंद करण्याचे काम स्प्रिंगवर न सोपविता यांत्रिक दांड्यांकडून करून घेण्याची जी पद्धत फाबिओ तालिओनी यांनी डुकाटीत रुजविली, तिच्याविना इतक्या रुंद पिस्टनांना इतके फेरे मिळते ना. आता १८९४ च्या म्युनिकच्या इंजिनाशी तुलना करावी. तेथे लिटरमागे पावणेदोन अश्वशक्तीहूनही कमी, येथे १६७. वाढ जवळपास बरोबर शंभर पट. या शंभर पटींची फोड केली की फार बोधप्रद गोष्ट दिसते. फेरे २४० चे ११,००० झाले, म्हणजे सेहेचाळीस पट. उरलेली वाढ, सव्वादोन पटींहून किंचित कमी, ही प्रत्येक स्फोटाचे बळ वाढल्याने आली. सव्वाशे वर्षांच्या सुधारणेचा फार मोठा वाटा वेगाचा आहे. एका स्फोटाचे बळ दुपटीहून थोडे पुढे गेले इतकेच. याउलट हार्लेचे अलीकडचे १,७४६ सीसीचे इंजिन, जे डुकाटीहून पुष्कळ मोठे आहे, नव्वदीच्या आसपासच अश्वशक्ती देते, कारण ते मंद फिरते. पण तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटरांचे जे ओढबळ त्यात असते, ते लांबच्या, भारलेल्या प्रवासासाठी राखून ठेवलेले असते. बीएमडब्ल्यूच्या आडव्या दोन सिलिंडरांनी १९२३ ते २०२३ या शंभर वर्षांत साडेआठपासून १४५ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली आणि आपली मूळ आकृती सोडली नाही. परंपरा आणि प्रगती यांत विरोध असलाच पाहिजे असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका इंजिनाचा इतिहास अवश्य वाचावा.

हे वाढलेले बळ आत कोंडून ठेवणाऱ्या वस्तूंत तांब्याचाही वाटा आहे, आणि सोनगीरच्या संदर्भात त्याचा उल्लेख केलाच पाहिजे. जुन्या ब्रिटिश इंजिनांत सिलिंडर आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचे गॅस्केट बसवीत. एकदा दाबले गेले की ते कडक होई. मग जाणता मिस्त्री ते लाल होईपर्यंत तापवी आणि पाण्यात बुडवून पुन्हा मऊ करी, म्हणजे ते दुसऱ्यांदा कामास येई. ठोक्यांनी कडक झालेले तांबे आगीने मऊ करावयाचे आणि पुन्हा घडवावयाचे, ही तीच क्रिया आहे जी तांबट हंडा किंवा घागर घडविताना वारंवार करीत आला आहे. इंजिनाची विद्या परदेशातून आली हे खरे. परंतु धातूचा स्वभाव ओळखण्याची जी विद्या तिला आधारभूत आहे, ती या रस्त्याकाठी अगोदरपासून नांदत होती.

आता शेवटचा हिशेब रस्त्याचा. गाडी आणि दोन स्वार मिळून साडेतीनशे किलो वजन धरू, आणि सातपुड्याच्या बाजूस वीस मीटरांत एक मीटर असा चढ ताशी साठ किलोमीटरांनी चढावयाचा आहे असे मानू. केवळ वजन वर उचलण्यास चारहून थोडी कमी अश्वशक्ती लागेल. हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण मिळून आणखी तीन-साडेतीन. एकूण झाली सात-साडेसात, अर्थात १९०९ च्या हार्लेत होती तेवढी. सपाटीवर ताशी १२० किलोमीटर धावावयाचे तर वीसच्या आसपास लागतील. ताशी २०० चा हट्ट धरला तर पंच्याऐंशीच्या घरात. कारण वेग दुप्पट झाला की हवेच्या विरोधासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ज्या २१५ अश्वशक्तींचे एवढे कौतुक होते, त्यांचा फार मोठा भाग केवळ वारा कापण्यासाठी असतो, आणि तसा वारा कापावयास मोकळे मैदान लागते. आग्रा रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत, उसाच्या आणि कापसाच्या गाड्या आहेत, पायी चालणारे वारकरी आणि रस्ता ओलांडणारी मुले आहेत.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे: दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलने आजवर अडीचपासून २१५ पर्यंत अश्वशक्ती दिली आहे, आणि या दोन टोकांमधील अंतर आकारमानाने कमी आणि श्वास व फेरे यांनी अधिक कापले आहे. खानदेशच्या रस्त्याची रास्त गरज त्यांपैकी वीस-पंचविसात भागते, आणि चाळीस-सत्तेचाळीस असल्या तर त्या ओव्हरटेकच्या प्रसंगी उपयोगी पडणारी शिल्लक ठरतात. म्हणून गाडी घेऊ इच्छिणाऱ्या तरुण वाचकास माझे सांगणे एवढेच आहे की, किती अश्वशक्ती हे विचारून थांबू नका. ती कोणत्या फेऱ्यांवर मिळते, त्या वेळी टॉर्क किती असतो, आणि तेवढ्या बळाला आवरणारे ब्रेक व टायर गाडीला आहेत की नाहीत, हे तिन्ही प्रश्न विक्रेत्यास विचारा. या चार उत्तरांची सांगड ज्या गाडीत नीट बसते, ती आपल्या रस्त्याची गाडी.